बातमी आणि बाजू

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्यावर निशाण चढविले जाते आणि दोन्ही काठांवरून गोटमारीला आरंभ होतो. नदी एकच, झाड एकच, दिवसही एकच. परंतु पाहणारा कोणत्या काठावर उभा आहे यावर त्याला काय दिसते हे ठरते. एका काठावरच्या माणसाच्या तोंडी जो दगड ‘आला’, तोच दुसऱ्या काठावरच्या माणसाच्या तोंडी ‘टाकला’ असा होतो. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसतो. फक्त प्रत्येकाच्या बोलण्यात त्याचा काठ मिसळलेला असतो.

दुसऱ्या दिवशी हीच घटना छापून येते, तेव्हा काठ आणखी वाढतात. एकाला ती पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा वाटते, दुसऱ्याला जीवघेणा खेळ वाटतो. तिसऱ्याच्या लेखी तो श्रद्धेचा सोहळा असतो, तर चौथ्याच्या लेखी प्रशासनाचे अपयश. या चारही वर्णनांच्या मुळाशी काही गोष्टी मात्र अशा आहेत की ज्या कोणालाही नाकारता येणार नाहीत. मेळा झाला, दगड फेकले गेले, माणसे जखमी झाली, अमुक इतक्यांवर उपचार करावे लागले. या झाल्या वस्तुस्थितीच्या गोष्टी. परंपरा, क्रौर्य, श्रद्धा आणि अपयश या शब्दांत त्या वस्तुस्थितीकडे पाहण्याची दृष्टी आहे. वर्तमानपत्र वाचताना, नभोवाणी ऐकताना किंवा हातातील मोबाइलवर आलेला मजकूर पाहताना या दोहोंची फारकत करता येणे, हा आजच्या नागरिकाच्या शिक्षणाचा एक आवश्यक भाग होय.

ही फारकत करावयाची कशी? त्याची कसोटी सोपी आहे. जे विधान विरुद्ध मताच्या माणसालाही तपासून पाहता येते आणि तपासल्यावर मान्य करावे लागते, ते वस्तुस्थितीचे विधान. ‘सभा चार वाजता सुरू झाली’ हे विधान घड्याळ पाहून तपासता येते. मग घड्याळ कोणत्या पक्षाच्या माणसाच्या मनगटावर आहे याला महत्त्व नाही. ‘सभा अभूतपूर्व झाली’ हे विधान मात्र कोणत्याही घड्याळाने वा फूटपट्टीने तपासता येत नाही. या दोहोंच्या मधोमध अनुमानाचे विधान असते: ‘सभेला गर्दी होती, म्हणून लोक उमेदवाराच्या मागे आहेत.’ यातील पहिला भाग तपासता येतो. दुसरा भाग पहिल्यावरून काढलेला निष्कर्ष आहे आणि तो चुकूही शकतो. बातमी वाचताना हे तीन प्रकार वेगळे काढता आले की निम्मे काम झाले.

आपल्याकडील जुन्या न्यायशास्त्राने या विषयाचा फार खोल विचार करून ठेवला आहे. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी ज्ञानाची चार प्रमाणे नैयायिकांनी मानली. जे स्वतः पाहिले ते प्रत्यक्ष. धूर पाहून अग्नी ओळखला ते अनुमान. ठाऊक असलेल्या वस्तूच्या सादृश्यावरून नवी वस्तू ओळखली ते उपमान. आणि विश्वासार्ह माणसाच्या सांगण्यावरून जे कळले ते शब्दप्रमाण. बातमी ही वाचकाच्या दृष्टीने बहुधा शब्दप्रमाणच असते, कारण भोपाळच्या विधानसभेत काय घडले हे पांढुर्ण्याच्या शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिलेले नसते. त्यामुळे प्रश्न येतो तो सांगणाऱ्याच्या विश्वासार्हतेचा. त्या विश्वासार्ह पुरुषाला शास्त्रकारांनी ‘आप्त’ म्हटले. येथे आप्त म्हणजे नातलग नव्हे, किंवा आपल्या पक्षाचा माणूसही नव्हे. ज्याने गोष्ट स्वतः नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायनाने आपल्या भाष्यात तर असे स्पष्ट केले आहे की, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. सांगणारा कोणत्या गोटातला आहे यावर त्याच्या शब्दाची किंमत ठरत नाही. त्याने पाहिले काय आणि तो प्रामाणिक आहे की नाही यावर ती ठरते. इतक्या शतकांपूर्वी सांगितलेली ही गोष्ट आजच्या राजकीय चर्चेत वारंवार विसरली जाते.

पांढुर्णा आणि सौंसर या भागात गेल्या काही वर्षांत घडलेल्या एका राजकीय घटनेवरून हा भेद चांगला समजतो. ऑगस्ट २०२३ मध्ये मध्य प्रदेशाच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी सौंसर तालुक्यातील जामसावळी येथे पांढुर्णा जिल्हा करण्याची घोषणा केली. ऑक्टोबरच्या आरंभी हा मुलूख छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा होऊन पांढुर्णा हा राज्याचा पंचावन्नावा जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ९ ऑक्टोबरला, विधानसभेच्या निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला व आचारसंहिता लागू झाली. १७ नोव्हेंबरला मतदान झाले. एवढी झाली वस्तुस्थिती. कागदपत्रे काढून कोणालाही ती पडताळता येते.

आता तिच्याकडे पाहण्याच्या दृष्टी पाहाव्यात. सत्तारूढ पक्षाचा माणूस म्हणेल की, जिल्हाकचेरी जवळ यावी म्हणून लोकांची गरज ओळखून हा निर्णय घेतला गेला. विरोधी पक्षाचा माणूस म्हणेल की, मतांवर डोळा ठेवून आचारसंहितेच्या तोंडावर ही घाई करण्यात आली. दोन्ही विधाने हेतूविषयी आहेत, आणि हेतू हा माणसाच्या मनात असतो. तो राजपत्रात छापलेला नसतो. तारखांची जवळीक ही वस्तुस्थिती आहे, त्या जवळिकीचा अर्थ हे अनुमान आहे. पुढे त्या निवडणुकीत पांढुर्णा व सौंसर या दोन्ही जागा काँग्रेसकडे गेल्या, तर राज्यात मात्र भारतीय जनता पक्षाला मोठे बहुमत मिळाले. यावरून ‘जिल्हा करण्यामागे निवडणुकीचा हेतू नव्हता’ असे सिद्ध होत नाही, आणि ‘होता’ असेही सिद्ध होत नाही. निकालावरून हेतू ओळखता येत नाही, ही साधी गोष्ट पुष्कळ वेळा मोठमोठ्या विश्लेषणांतही नजरेआड होते.

याच घटनेत काठाचा प्रश्नही आहेच. पांढुर्णा हे नागपूर–इटारसी लोहमार्गावरचे गाव. सौंसर हे नागपूर–छिंदवाडा रस्त्यावरचे. पांढुर्ण्याच्या माणसाला जुनी जिल्हाकचेरी दूर आणि आडवळणाची होती. सौंसरच्या माणसाला ती सरळ रस्त्यावर होती; त्याला आता दुसऱ्या दिशेने वळावे लागते. एकाच निर्णयाविषयी या दोन गावांत दोन वेगळे सूर निघाले, तर त्यांतील एकाला खोटे ठरविण्याचे कारण नाही. दृष्टिकोन हा शब्दच सांगतो की, दृष्टीला कोन असतो.

येथे क्रियापदांकडेही लक्ष द्यावयास हवे. ‘घोषणा झाली’, ‘मंजुरी मिळाली’, ‘अधिसूचना निघाली’ आणि ‘कारभार सुरू झाला’ या चार वेगवेगळ्या घटना आहेत. ऑगस्टमध्ये झाली ती घोषणा. जिल्हा झाला तो ऑक्टोबरमध्ये. मथळ्याला जागा थोडी असते, म्हणून घोषणा होताच ‘जिल्हा झाला’ असे छापण्याचा मोह होतो. मग ‘पूल झाला’, ‘धरण झाले’, ‘कारखाना आला’ असे वाचून आनंदित झालेला वाचक पुढे कित्येक वर्षे त्या पुलाची वाट पाहत बसतो. बातमीत कोणती पायरी सांगितली आहे, हे क्रियापदावरून ओळखावे.

आकडे हे वस्तुस्थितीचे सर्वांत भरवशाचे रूप, असा सर्वसाधारण समज आहे. तो बऱ्याच अंशी खरा आहे. परंतु आकडा निवडतानाही बाजू घेता येते. मध्य प्रदेशात २०१८ साली विधानसभेची निवडणूक झाली. २३० जागांपैकी काँग्रेसला ११४ आणि भारतीय जनता पक्षाला १०९ जागा मिळाल्या. मतांची टक्केवारी पाहिली, तर भारतीय जनता पक्षाला ४१.०२ टक्के व काँग्रेसला ४०.८९ टक्के मते पडली होती. म्हणजे जागांत एक पक्ष पुढे, तर मतांत दुसरा. ‘जनतेने काँग्रेसला कौल दिला’ असा मथळा पहिल्या आकड्यावर उभा राहतो आणि ‘जनतेची अधिक मते भारतीय जनता पक्षाला’ हा मथळा दुसऱ्या आकड्यावर. दोन्ही आकडे खरे आहेत. पाच वर्षांनी, २०२३ मध्ये, काँग्रेसची मते ४०.४० टक्के झाली, म्हणजे अर्ध्या टक्क्याइतकीच घटली. जागा मात्र ११४ वरून ६६ वर आल्या, कारण यावेळी प्रतिस्पर्धी पक्षाची मते ४८ टक्क्यांच्या पुढे गेली होती. ‘मतदारांनी काँग्रेसकडे पाठ फिरविली’ हे विधान जागांवरून खरे वाटते, तर मतांवरून ते तितकेसे टिकत नाही. म्हणून आकडा दिसला की दोन प्रश्न विचारावेत: हा आकडा कशाचा? आणि याच्या शेजारचा कोणता आकडा सांगितलेला नाही?

गोटमारीतील जखमींच्या आकड्यालाही हेच लागू आहे. वैद्यकीय पथकाच्या तंबूत ज्यांना मलमपट्टी करावी लागली ते सर्व मोजले तर एक आकडा येईल. रुग्णालयात दाखल करावे लागले ते मोजले तर दुसरा, आणि नागपूरला हलवावे लागले तेवढेच मोजले तर तिसरा. दोन पत्रांत दोन आकडे आले म्हणजे त्यांतील एक खोटाच, असे होत नाही. काय मोजले ते सांगितले नाही, तर मात्र खरा आकडाही वाचकाची फसवणूक करू शकतो.

शब्दांची गोष्ट तर याहून नाजूक आहे. एखादा पुढारी काही बोलला, तर ‘म्हणाला’ हे क्रियापद तटस्थ असते. ‘दावा केला’ म्हटले की, त्यात अविश्वासाची छटा येते. ‘कबूल केले’ म्हटले की, तो आजवर काही लपवीत होता असे सूचित होते. ‘उघड केले’ म्हटले की, त्याचे बोलणे सत्यच आहे असे बातमीदाराने आधीच ठरवून टाकलेले असते. तोच जमाव एका पत्रात ‘आंदोलक’ असतो, दुसऱ्यात ‘दंगेखोर’. विशेषणे आणि क्रियापदे बाजूला काढून बातमी पुन्हा वाचली की, खाली जे उरते ते बहुधा वस्तुस्थितीचे असते. शाळेत वाक्यपृथक्करण शिकविले जाते. तेच येथे कामी येते.

मराठी भाषेत तर शब्द बदलण्याच्या या व्यवहारासाठी स्वतंत्र वाक्प्रचारच आहे: ‘ध चा मा करणे’. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांना ‘धरावे’ असा मूळ हुकूम होता, त्यातील एक अक्षर बदलून तो ‘मारावे’ असा करण्यात आला, आणि ते आनंदीबाईंनी केले, अशी कथा घरोघरी सांगितली जाते. येथेही फरक केला पाहिजे. खून, त्याची तारीख व त्याचे स्थळ ही इतिहासातील निश्चित गोष्ट आहे. रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांना दोषी धरले हेही प्रसिद्ध आहे. अक्षर बदलल्याची कथा मात्र परंपरेने चालत आलेली आहे. ती इतकी नाट्यमय आहे की, ऐकणाऱ्याला पुरावा विचारण्याचे भानच राहत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तो याच जाणिवेतून. नंतर रचलेल्या बखरीपेक्षा त्या दिवशी लिहिलेले अस्सल पत्र अधिक मोलाचे, हा दंडक त्यांनी घालून दिला. वर्तमानपत्राच्या वाचकालाही तो दंडक उपयोगी आहे. भाषणाविषयी ऐकण्यापेक्षा मूळ भाषण पाहावे, आदेशाविषयीची चर्चा ऐकण्याआधी आदेश वाचावा.

अक्षर बदलण्याचीही गरज नसते. एक शब्द गाळला तरी तेवढेच नुकसान होते. २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया भागात लहान मुले खोकल्याचे औषध घेतल्यानंतर मूत्रपिंड निकामी होऊन दगावू लागली. त्यांतील कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणण्यात आले होते. साहजिकच हा विषय राजकीय झाला. सरकारवर आरोप झाले आणि सरकारने उत्तरे दिली. ३ ऑक्टोबरला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले की, तपासणी झालेल्या नमुन्यांत डायएथिलीन ग्लायकॉल हे विष आढळले नाही. तमिळनाडूच्या औषध प्रशासनाने कांचीपुरम जिल्ह्यातील कारखान्यातूनच कोल्ड्रिफ या औषधाचे नमुने घेतले होते. त्यांचा अहवाल त्याच सुमारास आला. एका खेपेत हे विष ४८.६ टक्के निघाले. औषधात ते ०.१ टक्क्याहून अधिक असू नये असा दंडक आहे. ४ ऑक्टोबरला मध्य प्रदेश शासनाने त्या औषधाच्या विक्रीवर बंदी घातली. छिंदवाडा, बैतूल आणि पांढुर्णा या जिल्ह्यांतील मिळून वीसहून अधिक बालकांचा यात अंत झाला.

या प्रकरणातील पहिले विधान पुन्हा वाचावे. ‘तपासणी झालेल्या नमुन्यांत विष आढळले नाही’ हे वस्तुस्थितीचे विधान होते, आणि त्या नमुन्यांपुरते ते खरेही असू शकते. परंतु त्यातील ‘तपासणी झालेल्या नमुन्यांत’ एवढे शब्द गाळले की, त्याचे ‘औषधात विष नाही’ असे होते; आणखी एक पाऊल पुढे गेले की, ‘औषध सुरक्षित आहे’ असे होते. पहिले विधान तपासाविषयी आहे, तर शेवटचे विधान आईच्या हातातील चमच्याविषयी. या दोहोंमधले अंतर तीन-चार शब्दांचे. पण त्या अंतरात एका मुलाचा जीव मावतो. उलट बाजूने, मुलांच्या मृत्यूची वार्ता ही केवळ ‘विरोधकांचा कांगावा’ म्हणून जो कोणी बाजूला सारील, त्याचीही चूक तेवढीच मोठी. मुले दगावली ही वस्तुस्थिती होती. ती कोणी आधी सांगितली याने ती बदलत नव्हती. जबाबदारी कोणाची, कारखान्याची की तपासयंत्रणेची की औषध लिहून देणाऱ्याची, हा प्रश्न मात्र वेगळा. त्याचे उत्तर चौकशीने आणि न्यायालयाने द्यावयाचे असते, मथळ्याने नव्हे.

येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. वस्तुस्थिती आणि दृष्टी यांच्यात गल्लत दोन प्रकारे होते. दृष्टीलाच वस्तुस्थिती समजणे ही पहिली. वस्तुस्थितीलाही ‘ती त्यांची बाजू’ म्हणून उडवून लावणे ही दुसरी. पहिल्या चुकीने माणूस भोळा ठरतो, तर दुसरीने तो स्वतःला शहाणा समजत राहतो, म्हणून दुसरी अधिक घातक. ‘सगळेच खोटे बोलतात’ असे म्हणणारा मनुष्य चिकित्सक वाटतो. वस्तुतः त्याने विचार करण्याचे श्रमच टाळलेले असतात. दृष्टी अनेक असू शकतात, याचा अर्थ नदीच नाही असा होत नाही.

दृष्टी असणे हा दोषही नव्हे. ख्रिस्ताचे चरित्र चार शुभवर्तमानकारांनी लिहिले. प्रत्येकाचा वाचकवर्ग वेगळा, भर वेगळा, प्रसंगांची निवडही वेगळी. ख्रिस्ती समाजाने त्या चारांचे एक करून टाकले नाही. चारही शेजारी शेजारी ठेवून वाचण्याची परंपरा राखली. वर्तमानपत्राचा अग्रलेख हा तर दृष्टीसाठीच असतो. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हापासून मराठी पत्रांनी मते मांडली, वाद घातले आणि समाज घडविला. मत नसलेले पत्र हे तिखटमीठ नसलेल्या भाजीसारखे. तक्रार असावयाची ती एवढ्याचसाठी की, मत हे मत म्हणून समोर यावे. बातमीचा अंगरखा घालून येऊ नये.

जाहिरातही कधी कधी तसाच अंगरखा घालून येते. २००९ च्या निवडणुकांत पैसे घेऊन उमेदवारांची स्तुती बातमीच्या रूपात छापली गेल्याच्या तक्रारी देशभर झाल्या. भारतीय वृत्तपत्र परिषदेने त्यांची चौकशी करून २०१० मध्ये आपला अहवाल दिला. असा मजकूर ओळखण्याच्या काही खुणा आहेत. त्यात दुसऱ्या बाजूचे नाव नसते, बातमीदाराचे नाव नसते, उमेदवाराच्या अंगी एकही उणीव नसते, आणि पुष्कळदा तोच मजकूर शब्दशः दुसऱ्या पत्रातही सापडतो.

जेथे वस्तुस्थितीही नाही आणि दृष्टीही नाही, तेथे उरते ती अफवा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षेसाठी फिरणारी ही माणसे मुले पळविणाऱ्या टोळीतील आहेत, असा संशय घेण्यात आला होता. तशी टोळी आल्याच्या अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगाव पसरल्या होत्या. त्या पुढे पाठविणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण काही वाईट करीत आहोत असे वाटलेही नसेल. ‘सावध असलेले बरे’ एवढाच त्यांचा विचार असेल. परंतु न तपासलेला शब्द पुढे देणारा हा त्या शब्दाचा साक्षीदार होतो, आणि खोट्या साक्षीचे पाप धर्माने व कायद्याने सारखेच निषिद्ध मानले आहे.

छापील पत्र आणि फिरता संदेश यांत येथे एक मोठा भेद आहे. पत्राच्या अंकावर मुद्रक, प्रकाशक व संपादक यांची नावे आणि छपाईचे ठिकाण छापलेले असते. १८६७ च्या कायद्याने ते बंधन घातले गेले. त्या कायद्याची जागा आता २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. ती बारीक अक्षरातील ओळ फारसे कोणी वाचत नाही. परंतु तिच्यामुळेच मजकुराला धनी असतो. चूक झाली तर कोणाला विचारावयाचे ते ठाऊक असते. फिरत्या संदेशाला असा धनी नसतो. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने न घडलेल्या प्रसंगाचे चित्र आणि न केलेल्या भाषणाचा आवाजही तयार करता येतो. त्यामुळे ‘स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले’ हे प्रत्यक्ष प्रमाणसुद्धा पूर्वीइतके निर्धोक राहिलेले नाही.

मग सामान्य वाचकाने करावे तरी काय? या बाबतीत पांढुर्णा–सौंसर भागातील वाचकाला एक सोय आहे, जी मुंबई-पुण्याच्या वाचकाला सहसा नसते. १९५६ पर्यंत नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला. या फेरफाराविषयी कोणाला खंत वाटेल, कोणाला वाटणार नाही. ती दृष्टीची गोष्ट झाली. तिचा परिणाम मात्र असा की, येथील मराठी माणसाच्या घरात मराठी बोलली जाते, तर कचेरीत व शाळेत हिंदी चालते. नागपूरचे मराठी पत्र आणि हिंदी पत्र अशी दोन्ही त्याला सारख्याच सहजतेने वाचता येतात. संत्र्याच्या भावाची, कापसाच्या खरेदीची किंवा नदीच्या पाण्याची एकच बातमी त्याला दोन राज्यांच्या नजरेने पाहता येते. सीमेवर राहण्याचे जे दुःख मानले जाते, तेच येथे शहाणपणाचे साधन होऊ शकते.

त्याने एकच बातमी दोन पत्रांतून घ्यावी आणि दोन्हींत जे समान आहे त्याखाली रेघ ओढावी. नावे, तारखा, ठिकाणे, आकडे, आदेश यांपैकी बहुतेक गोष्टी त्या रेघेत येतील. मग जे फक्त एकातच आहे ते पाहावे. ते दुसऱ्याने का गाळले असावे, याचा विचार करावा. समान असलेले सर्व खरेच असते असे नाही, कारण दोघांनीही एकाच ठिकाणाहून मजकूर उचललेला असू शकतो. म्हणून ‘हे कोणी पाहिले?’ हा प्रश्न उरतोच. आणि शेवटी, जी बातमी वाचून आपल्या पक्षाविषयी अभिमान दाटून येतो किंवा विरुद्ध पक्षाविषयी संताप उसळतो, ती एकदा अधिक तपासावी. कारण माणूस आपल्या नावडत्या बातमीला पुरावा मागतो आणि आवडत्या बातमीला पाट मांडून बसवितो.

घरात, चावडीवर किंवा शाळेच्या वर्गात हा प्रयोग करण्यास खर्च येत नाही. दोन पत्रे, एक पेन्सिल आणि अर्धा तास पुरेसा आहे. आठवी-नववीची मुलेसुद्धा वस्तुस्थितीच्या विधानाखाली सरळ रेघ आणि मताच्या विधानाखाली नागमोडी रेघ ओढण्यास लवकर शिकतात. काही विधानांपाशी ती अडतात व वाद घालू लागतात. तो वाद त्यांना घालू द्यावा. त्या अडण्यातच खरे शिक्षण आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवर पुढील वर्षीही माणसे उभी राहतील आणि प्रत्येक जण आपापल्या काठावरून पाहील. त्यात गैर काही नाही. परंतु दुसऱ्या दिवशी घडलेली गोष्ट सांगताना ‘मी या काठावर होतो’ एवढे ज्याला आधी सांगता येते, त्याच्या पुढच्या शब्दावर दोन्ही गावांचा विश्वास बसतो. लोकशाहीला नागरिकाकडून हवा आहे तो असा शब्द.